तीन ओळींची मिझेना आणि बुलचा डोळा: फँटसी गेम्सच्या लेखकांना खुलं पत्र

फँटसी व्हिडिओ गेम्सच्या कथा, संवाद आणि क्वेस्ट लिहिणाऱ्या लेखकांनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे आणि मुद्दाम मराठीत आहे. त्याचं कारण पुढे येईल. आधी एका बिगुलाबद्दल बोलू.

२०१४ साली आलेल्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये आयर्न बुल नावाच्या भाडोत्री सेनानायकाची टोळी एका टेकडीवर मोर्चा धरून उभी असते. समोरून शत्रू चढून येतोय. टोळीला माघारी बोलावलं तर समुद्रातलं मित्रपक्षाचं जहाज जाणार, नाही बोलावलं तर टोळी जाणार. निर्णय खेळणाऱ्याने घ्यायचा. गेम तिथे बराच वेळ पॉज राहिला. टोळीचा नायब क्रेमिसियस अक्लासी, म्हणजे सगळ्यांचा क्रेम, त्या टेकडीवर होता. शेवटी बिगुल वाजला, जहाज गेलं, क्रेम परत आला. जहाजावरच्या माणसांचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर फार नाही.

क्रेम ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी मानला गेलेला पुरुष. त्या क्षणी हे माझ्या डोक्यात नव्हतं. तिथे होते ते त्याचे बुलला मारलेले टोमणे, टोळीचं गाणं, त्याची ती कोरडी निष्ठा. यावर कुणी लगेच म्हणेल, ‘बघा, म्हणजे ओळख बाजूला ठेवली की पात्र चांगलं होतं.’ नाही. क्रेमची ओळख बाजूला ठेवलेलीच नव्हती. क्रेमचा बाप शिंपी. गुलामांकडून फुकटात शिवून घेतलेल्या कपड्यांपुढे त्याचा धंदा बुडतो आणि तो स्वतःलाच गुलाम म्हणून विकतो. घर सावरायला आई क्रेमचं लग्न लावून द्यायला बघते, म्हणजे त्याला कुणाची तरी बायको करायला बघते. तो पळून सैन्यात भरती होतो. तिथे गुपित फुटतं, पुन्हा पळतो, सीमेवरच्या एका गुत्त्यात सापडतो. त्याला मारत असताना बुल नावाचा एक अनोळखी माणूस मध्ये पडतो आणि त्या मारामारीत आपला एक डोळा गमावतो.

आता क्रेमचं ट्रान्स असणं या कथेतून काढून बघा. बुलचे दोन्ही डोळे शाबूत राहतात. टोळीला तो नायब मिळत नाही, आणि टेकडीवर बिगुल वाजवावा की नाही हा प्रश्न अर्ध्या वजनाचा होतो.

‘काढून बघा’ ही माझी कसोटी. तिच्या आधारानेच पुढचं सगळं बोलायचं आहे.

२०१६ च्या मार्चअखेरीस ‘बाल्डर्स गेट’चं नवं विस्तारित प्रकरण आलं, ‘सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर’. त्यात सैन्याच्या छावणीत मिझेना नावाची एक पुरोहित आहे, युद्धदेवता टेम्पसची. तिच्या नावाबद्दल विचारलं की ती सांगते: जन्मल्यावर आईवडिलांनी मुलगा समजून वाढवलं, पुढे सगळ्यांना कळलं की मी स्त्री आहे, मग वेगवेगळ्या भाषांतले शब्दांश जुळवून मी माझं नाव घडवलं. झालं. त्या तीन ओळींवरून जो गदारोळ उठला तो मिझेनाच्या एकूण संवादाच्या शेकडो पट मोठा होता. लोकांनी गेमला वाईट गुण देण्याची मोहीमच काढली. त्यातली बरीच चीड मिझेना कशी लिहिली यावर नव्हती, ती मुळात आहे यावरच होती, आणि त्या लोकांशी या पत्राला काही देणंघेणं नाही. पण स्टुडिओच्या प्रमुखांनीही नंतर मान्य केलं की या पात्राचा आणखी विकास व्हायला हवा होता. तीन ओळी काढून बघा: गेममधलं एक पानही हलत नाही. युद्धदेवतेची पुरोहित आहे, पण तिच्या युद्धाचा तिच्या त्या प्रवासाशी काय संबंध? नाव वेगवेगळ्या भाषांतून घडवलं, तर त्या भाषा तिला कुठे भेटल्या, कुणी शिकवल्या? एवढी सुंदर खुंटी ठोकून ठेवली आणि तिच्यावर काहीच टांगलं नाही.

गंमत पुढे आहे. त्याच मालिकेच्या पहिल्या, १९९८ च्या गेममध्ये एका राक्षसाकडे एक शापित कमरपट्टा सापडतो. घातला की तुमच्या पात्राचं लिंग बदलतं आणि शाप उतरवल्याशिवाय पट्टा निघत नाही. ही वस्तू ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या खेळाच्या १९७९ च्या नियमपुस्तकातून आलेली. दुसऱ्या भागात, २००० साली, एडविन नावाचा गर्विष्ठ जादूगार एका प्राचीन गुंडाळीशी नको तो खेळ करतो आणि एडविना होऊन बसतो. खेळणारे पोट धरून हसले, मीही हसून घेतलं, कारण एडविनचा माज उतरलेला बघण्यात मजा होती. तेव्हा कुणाला वाटलं नाही की हे या जगात बसत नाही. म्हणजे लिंग बदलणं शाप म्हणून चाललं, फजिती म्हणून चाललं, अगदी दुकानात विकायची जिन्नस म्हणूनही चाललं. तीच गोष्ट एका बाईने आपल्या मनाने केली आणि शांतपणे सांगितली तेव्हा ‘फँटसीत राजकारण कशाला’ असं विचारलं गेलं. १९८८ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’च्या माहितीपुस्तिकेत बर्डो नावाच्या पात्राबद्दल लिहिलं होतं की हा स्वतःला मुलगी समजतो आणि याला बर्डेटा म्हटलेलं आवडतं. हसण्यापुरता हा विषय या माध्यमात पहिल्यापासून आहे. नवीन काही असेल तर एवढंच की आता तो हसण्यापुरता राहिलेला नाही.

तरीही, लेखकांनो, तुमच्या बाजूने नेहमी फेकला जाणारा एक युक्तिवाद मला पटत नाही. ‘ड्रॅगन चालतात, मग ट्रान्स व्यक्ती का नाही?’ हा आळशी युक्तिवाद आहे. ड्रॅगन चालतात कारण तुम्ही त्यांना घरटी दिली, भूक दिली, त्यांना मारणाऱ्यांचा धंदा उभा केला, त्यांच्या हाडांचा बाजार मांडला. ड्रॅगनवर तुम्ही मेहनत घेता. तीच मेहनत माणसावर मागणं म्हणजे माणसाला विरोध करणं नव्हे. उलट, फँटसीत ट्रान्स पात्र लिहिणं वास्तववादी कथेपेक्षा जास्त रसाळ असायला हवं, कारण तिथे एक असा प्रश्न उभा राहतो जो आपल्या जगात उभाच राहत नाही: जादूने शरीर बदलता येत असेल तर?

या प्रश्नापाशी थोडं थांबू, कारण बहुतेक गेम्स त्याला वळसा घालून जातात.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत ‘ऑल्टर सेल्फ’ नावाचा मंत्र आहे. दुसऱ्या पातळीचा, म्हणजे फार अवघड नाही. त्याने रूप बदलतं, पण एक तासापुरतं, आणि तो तासभर एकाग्रता टिकवावी लागते. लढाईत घाव बसला की एकाग्रता तुटू शकते. आता अशी एक लढवय्यी डोळ्यांसमोर आणा जिने हा एकच मंत्र घोकून घोकून पक्का केलाय. ती बाजारात जाते ती तास मोजून. ती मागच्या फळीत लढते आणि टोळीतले बाकीचे तिला भित्री समजतात, कारण खरं कारण त्यांना माहीत नाही. एके दिवशी तिला पुढे यावंच लागतं. हा प्रसंग मला अजून कुठल्याही गेममध्ये भेटलेला नाही. कायमचं बदलायचं तर ‘ट्रू पॉलिमॉर्फ’ आहे, पण तो नवव्या पातळीचा, म्हणजे राज्यात असलाच तर एखाद-दुसऱ्याला येणारा. तो कुणासाठी मंत्र टाकेल? किती मोहरा घेईल? आणि तो मंत्रही मोडता येतो, म्हणजे कुणा शत्रूने एका क्षणात आयुष्यभराची कमाई पुसून टाकावी अशी टांगती तलवार आहेच. नियमपुस्तक तुमच्या टेबलावर पडलेलं असतं. कथा त्यात आहे.

एका ठिकाणी कुणीतरी हे ओळखलं होतं. ‘पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइटियस’ची कथा आधी टेबलावर खेळायच्या खेळासाठी लिहिली गेली आणि २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ गेम आला. त्यात इराबेथ नावाची अर्ध-ऑर्क धर्मयोद्धी आणि तिची बायको अनेविया आहे. अनेविया ट्रान्स स्त्री आहे. तिला शरीर बदलायचं जादुई औषध हवं होतं, ते महाग होतं, आणि त्यासाठी इराबेथने बापाची तलवार विकली. धर्मयोद्ध्याने बापाची तलवार विकावी! त्या एका व्यवहारात किती गोष्टी बसल्या बघा: जादू आहे, पण फुकट नाही, इराबेथसाठी वारसा मोठा, पण अनेवियापेक्षा मोठा नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे हे सांगायला कुणाला ‘मी अमुक आहे’ असं जाहीर करावं लागत नाही. तलवार का नाही, एवढं विचारलं तरी सगळं उलगडतं.

आम्हाला ही रीत नवी नाही. महाभारतातला शिखंडी घ्या. द्रुपदाच्या घरी मुलगी म्हणून जन्म, मुलगा म्हणून वाढ, मग लग्न, मग सासऱ्याला सत्य कळून युद्धाची धमकी. शिखंडी अरण्यात जातो तेव्हा स्थूण नावाचा यक्ष आपलं पुरुषत्व त्याला देतो, पण उसनं, परत करायच्या बोलीवर. मग कुबेराला हे कळतं, तो स्थूणावर चिडतो आणि शाप देतो की शिखंडी जिवंत असेपर्यंत तू असाच राहशील. म्हणजे उसनं घेतलेलं शरीर शिखंडीकडेच राहतं आणि किंमत भलत्याच माणसाने मोजली. पुढे रणांगणावर भीष्म शस्त्र उचलत नाहीत, कारण त्यांच्या लेखी शिखंडीचा जन्मच खरा. एका माणसाच्या देहाबद्दल दोन माणसांचं मत वेगळं आहे आणि त्या मतभेदावर युद्धाचा निकाल फिरतो. देणारा, मुदत, दंड, न मानणारा, न मानण्याचा परिणाम, सगळं आहे. यातलं कितीतरी आज खटकण्यासारखंही आहे, ते वेगळं. पण खुंटी रिकामी नाही.

आता २०२४ च्या ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’कडे येऊ. यावरून तुमच्यातल्या अनेकांना भरपूर शिव्या बसल्या आहेत आणि त्यात आणखी भर घालायची इच्छा नाही. त्यातलं टॅश हे पात्र ड्रॅगनची शिकारी, फटकळ आणि नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला ना पुरुष मानणारं ना स्त्री. गंमत म्हणजे क्रेम आणि टॅश ही दोन्ही पात्रं एकाच लेखणीतून उतरली आहेत, दहा वर्षांच्या अंतराने. म्हणजे इथे प्रश्न हेतूचा किंवा माहितीचा नाही. (टॅशबद्दल लिहिताना मी आदरार्थी अनेकवचन वापरेन. का, ते कळेलच.)

लोकांनी सगळ्यात जास्त खिल्ली उडवली ती ‘नॉन-बायनरी’ या शब्दाची. थेडासमध्ये, म्हणजे या मालिकेतल्या काल्पनिक जगात, हा शब्द कुठून आला, असं. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. थेडासमध्ये इंग्रजी तरी कुठून आली? आपण ऐकतो ते त्यांच्या बोलीचं भाषांतर, असं एकदा मानलं की ‘नॉन-बायनरी’ हेही भाषांतरच. शिवाय तो शब्द ज्या प्रसंगात येतो तो मला त्या गेममधला सगळ्यात चांगला लिहिलेला प्रसंग वाटतो. जेवणाच्या टेबलावर टॅश आईला सांगतात. आई शाथान त्या जगातल्या कुनारी लोकांच्या परंपरेची अभ्यासक, सगळं शब्दांत बसवायची सवय असलेली. ती आपल्या भाषेतला शब्द पुढे करते, अकुन-अथलोक, म्हणजे एका लिंगात जन्मून दुसऱ्या लिंगाचं म्हणून जगणारी व्यक्ती. हाच शब्द २०१४ च्या गेममध्ये बुलने क्रेमसाठी वापरला होता. तिच्या बाजूने तो हात पुढे करणंच आहे: बघ, माझ्याकडे तुझ्यासाठी जागा आहे. आणि टॅशना त्या जागेत बसता येत नाही. प्रेम आहे, शब्दही आहे, पण शब्द मापाचा नाही. आईबापांशी असं बोलणं झालेल्या कुणालाही हा प्रसंग लागेल, त्यासाठी ट्रान्स असण्याची गरज नाही.

आणि मग तोच गेम आपल्याला उठाबशांकडे नेतो. नाही, उठाबशा नव्हे, दंड. इझाबेला, मालिकेतली जुनी समुद्री लुटेरी, टॅशबद्दल चुकीचं सर्वनाम वापरते आणि प्रायश्चित्त म्हणून तिथल्या तिथे दंड काढते. वर कारणही सांगते: लांबलचक माफी मागितली की समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं, त्यापेक्षा हे बरं. विचार अगदी बरोबर आहे. चूक झाली, सुधारा, पुढे चला, गाजावाजा नको. फक्त हे सांगण्यासाठी जो प्रसंग रचलाय त्याच्याइतका गाजावाजा दुसऱ्या कशाने झाला नसता. कॅमेरा थांबलाय, सगळे बघतायत, समुद्री लुटेऱ्यांच्या जगातली सगळ्यात बेफिकीर बाई शिबिरातल्या प्रशिक्षकासारखी बोलते आहे. इझाबेलाला २००९ पासून ओळखणाऱ्यांना वाटलं की तिच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोलतंय.

यापेक्षा मोठी चूक मात्र फार कमी लोकांच्या बोलण्यात आली. टॅश दोन संस्कृतींमध्ये वाढले, आईची कुनारी आणि जिथे वाढले ती रिवेनी. कथेत एक टप्पा येतो जिथे खेळणाऱ्याने टॅशना यातली एक बाजू घ्यायला सुचवायचं असतं. दोन खोक्यांपैकी एकात बसायची सक्ती नको, हेच ज्या पात्राचं म्हणणं, त्याला त्याच गेमने दोन खोकी दाखवली आणि निवड दुसऱ्याच माणसाच्या हातात दिली. हे वाचताना कुणी तरी टेबलावरून ओरडून उठायला हवं होतं! ‘दोन्ही’ किंवा ‘तुझं तू ठरव’ हा तिसरा पर्याय लिहायला फार तर एक दुपार लागली असती, आणि मग अख्खं पात्र आतून जोडलं गेलं असतं.

‘काढून बघा’ या कसोटीवर एक रास्त आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. सराईच्या मालकिणीचा नवरा वारलाय हे लिहिताना आपण कधी विचारत नाही की त्याने कथा कुठे हलते. मग ट्रान्स पात्रानेच प्रत्येक वेळी आपल्या असण्याचा हिशेब का द्यावा? खरंय. प्रत्येकाच्या ओळखीवर बुलचा डोळा खर्च करता येणार नाही. छोट्या पात्राला छोटीच खुंटी पुरे. पण छोटीसुद्धा रिकामी नको. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण ज्या गेममध्ये आहे तिथे ते सापडेल असं वाटलं नव्हतं. २०२३ च्या ‘हॉगवर्ट्स लेगसी’त सिरोना रायन ही सराईची मालकीण. ज्या लेखिकेच्या, म्हणजे जे. के. रोलिंगच्या, जगावर हा गेम बेतलाय तिची ट्रान्स व्यक्तींबद्दलची वादग्रस्त मतं सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे अनेकांना सिरोना म्हणजे पुढे धरलेली ढाल वाटली. ढाल असेलही. पण तिचं ते एक वाक्य कारागिरी म्हणून बघा. ती एका गॉब्लिनबद्दल सांगते: कित्येक वर्षांनी भेटला, पण बघताक्षणी ओळखलं त्याने मला, माझ्या वर्गमित्रांना मात्र मी जादूगार नसून जादूगारीण आहे हे कळायला जरा वेळ लागला. वाक्य गॉब्लिनबद्दल आहे! ज्या जमातीला जादूगार तुच्छ लेखतात त्यातल्या एकाची नजर जास्त साफ निघाली, हे आपल्याला कळतं, आणि सिरोनाबद्दलचं जाता जाता कळतं. मिझेनाच्या तीन ओळी आणि सिरोनाचं हे एक वाक्य शेजारी ठेवून वाचा. शिवाय सिरोनाचा आवाज रेबेका रूट या ट्रान्स अभिनेत्रीचा आहे. क्रेमचा आवाज जेनिफर हेलचा होता. हेल उत्तम काम करतात, पण त्या खुर्चीत कुणी ट्रान्स पुरुष बसला असता तर बरं झालं असतं, हे म्हणायला आज संकोच नको.

कॅरेक्टर क्रिएटरबद्दल, म्हणजे खेळणारा आपलं पात्र घडवतो त्या पडद्याबद्दल, थोडक्यात. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये शरीर, आवाज आणि ओळख वेगवेगळी निवडता येते. ‘व्हेलगार्ड’मध्ये तर छातीच्या शस्त्रक्रियेचे व्रणही देता येतात. कौतुक आहे. पण पहिल्या पडद्यावर इतक्या मायेने घडवलेलं ते पात्र दुसऱ्या पडद्यावर पाऊल ठेवतं तेव्हा बहुतेक वेळा जगाला त्याची दखलच नसते. ‘व्हेलगार्ड’ने निदान आरशासमोर आणि टॅशशी बोलताना चार वाक्यं ठेवली. बाकीचे स्लायडर देतात आणि हात झटकतात.

आता मराठीचं कारण.

वर बिगुलाच्या प्रसंगात मी लिहिलं, ‘गेम तिथे बराच वेळ पॉज राहिला.’ कुणीही मराठी माणूस सरळ ‘मी तिथे बराच वेळ थांबलो’ किंवा ‘थांबले’ असं लिहील. इथपर्यंतच्या पत्रात मी स्वतःबद्दल असं एकही क्रियापद येऊ दिलेलं नाही. चाणाक्ष वाचकांना कदाचित आधीच खटकलं असेल. ‘मी खेळतो’ नाही, ‘मी खेळते’ नाही. सगळीकडे ‘मला वाटतं’, ‘मी लिहिलं’, ‘मी म्हणेन’ अशी आडवाट धरली आहे. करून बघा एकदा, दोन परिच्छेदांत दम लागतो. इंग्रजीत ‘मी’ हा बुरखा आहे. माणूस जन्मभर स्वतःबद्दल बोलला तरी त्याच्या वाक्यावरून तो पुरुष की स्त्री हे कळत नाही. म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिझेनासारखी ती खुलाशाची ओळ लिहावी लागते. मराठीत पात्राने तोंड उघडून ‘मी आलो’ म्हटलं की काम झालं. क्रेम मराठीत बोलता तर त्याला कधीच काही समजावून सांगावं लागलं नसतं. आणि जुन्या सैन्यातला कुणी समोर येऊन ‘आली बघा’ म्हणाला असता तर त्या एका स्वरात अख्खा अपमान आला असता, तलवार उपसायला पुरेसा. तुम्हाला ज्यासाठी दोन मिनिटांचं कटसीन लागतं ते इथे एका मात्रेत होतं.

टॅशच्या बाबतीत मात्र हीच भाषा अडवून धरते. एकवचनी ‘ते’ म्हटलं तर लहान मूल किंवा वासरू वाटतं: ते आलं, ते बसलं. अनेकवचनी ‘ते’ म्हटलं तर एवढ्या फटकळ तरुण शिकाऱ्याबद्दल बोलताना आजोबा आल्यासारखं वाटतं: ते आले, ते बसले. मी आजोबांचं ‘ते’ निवडलं, कारण वासरापेक्षा ते बरं. पण टॅश स्वतःबद्दल बोलायला लागले की काय करणार? ‘मी ड्रॅगन मारला’ सहज जमतं, तिथे क्रियापद ड्रॅगनच्या मागे जातं. ‘मी घाबर…’ इथे मात्र वाक्य अडतं. म्हणजे मराठी टॅश पराक्रम बिनदिक्कत सांगू शकतात, भीती सांगताना अडखळतात. हे मला भाषांतराची अडचण म्हणून लिहायचं होतं. लिहिता लिहिता लक्षात आलं की असं पात्र कुणीतरी मुद्दाम लिहायला हवं.

हे आमचं घरगुती कोडं म्हणून सोडून देऊ नका. ‘पेपर मारिओ: द थाउजंड-इयर डोअर’ हा २००४ चा जपानी गेम. त्यात व्हिव्हियन नावाची सावलीसारखी मुलगी आहे, तीन बहिणींमधली धाकटी. मूळ जपानीत मोठी बहीण तिला ‘तू कसली बहीण, तू तर पुरुष’ असं टोचत राहते. इंग्रजी भाषांतरात हे सगळं काढून टाकलं गेलं आणि टोचणं राहिलं ते फक्त दिसण्यावरून. त्याच काळातल्या इटालियन आवृत्तीत मात्र व्हिव्हियन आपण स्त्री झाल्याचा अभिमान बाळगते. २०२४ मध्ये गेम नव्याने आला तेव्हा इंग्रजीतही ती पहिल्यांदा सांगते की मी भाऊ नसून बहीण आहे हे कळायला मला वेळ लागला. म्हणजे वीस वर्षं एकच मुलगी एका भाषेत ट्रान्स होती, दुसरीत नव्हती, तिसरीत अभिमानाने होती. हा बदल कुणा मोठ्या लेखकाने नाही केला, संवादांच्या तक्त्यात ओळी भरणाऱ्या कुणीतरी केला.

म्हणून एक मागणी, आणि ती अगदी साधी आहे. भाषांतरकारांना तुम्ही संवाद पाठवता ते बहुतेक वेळा नुसत्या ओळी असलेल्या तक्त्यात, मागचापुढचा संदर्भ नसताना. त्या तक्त्यात दोन रकाने वाढवा. एकात लिहा की हे पात्र स्वतःबद्दल कसं बोलतं. दुसऱ्यात लिहा की समोरचं पात्र त्याच्याबद्दल कसं बोलतं, आणि ते बदलत असेल तर कोणत्या प्रसंगानंतर. हा दुसरा रकाना इंग्रजीत लिहिताना तुम्हाला रिकामा ठेवता येईल. आम्हाला नाही. आमच्याकडे क्रेमचा बाप पहिल्याच वाक्यात ‘आला’ म्हणतो की ‘आली’, हे ठरवल्याशिवाय एक ओळही पुढे सरकत नाही.

तुमच्या जगांत शेकडो तास घालवलेली एक व्यक्ती